धुराड्यातला आकडा कोणाचा? : भोपाळ ते सुरत, औद्योगिक प्रदूषणाच्या माहितीचा इतिहास

सुरत शहर आणि परिसरातील सुमारे तीनशे कारखान्यांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०२५ साली ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे बहुतेक कारखाने कापड उद्योगातील, दगडी कोळशावर बाष्पक चालवणारे. त्यांपैकी निम्म्यांना धूलिकणांच्या उत्सर्जन-परवान्यांच्या बाजारात उतरवण्यात आले आणि उरलेल्या निम्म्यांना जुन्याच नियमांखाली ठेवण्यात आले. बाजारात उतरलेल्या कारखान्यांचे धूलिकण-उत्सर्जन इतरांच्या तुलनेत २० ते ३० टक्क्यांनी घटले आणि प्रदूषण रोखण्याचा त्यांचा खर्चही ११ ते १४ टक्क्यांनी उतरला. धूलिकणांच्या उत्सर्जनावर चालणारा जगातील हा पहिला बाजार भारतात उभा राहिला, म्हणून या बातमीचे कौतुक झाले.

या यशाचे श्रेय सहसा ‘बाजार’ या कल्पनेला दिले जाते. परंतु बाजारात विकायचे काय, तर एक किलो धूर. तो किलो खरोखरच एक किलो आहे, हे सगळ्यांना मान्य व्हावे लागते. कारखानदार, शासकीय मंडळ, शेजारचा स्पर्धक आणि धुराड्याच्या सावलीत राहणारा नागरिक या सर्वांना एकच आकडा दिसावा आणि त्या आकड्यावर विश्वास ठेवता यावा, ही स्थिती निर्माण व्हायला भारतात चार दशकांहून अधिक काळ लागला. त्या काळाचा इतिहास हा माहिती कोणाकडे होती, कोणाकडे नव्हती आणि त्यामुळे काय घडले, याचा इतिहास आहे.

नोंदवहीचा हक्क

१९७४ साली संसदेने जलप्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम संमत केला. केंद्रीय आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळांचा जन्म याच कायद्यातून झाला. नदीत वा नाल्यात सांडपाणी सोडणाऱ्या प्रत्येक उद्योगाला मंडळाचे संमतीपत्र घेणे बंधनकारक झाले. या कायद्याच्या पंचविसाव्या कलमात एक तरतूद आहे. संमतीपत्रांतील अटींची नोंदवही प्रत्येक राज्य मंडळाने ठेवावी आणि त्या सांडपाण्याने बाधित होणाऱ्या अथवा त्यात हितसंबंध असणाऱ्या कोणाही व्यक्तीला ती पाहता यावी, असे ते कलम सांगते. म्हणजे माहितीच्या अधिकाराचा कायदा येण्याच्या ३१ वर्षे आधी, औद्योगिक प्रदूषणापुरता तसा एक अंकुर भारतीय कायद्यात होता.

मात्र नोंदवहीत कारखान्याने काय करावे, ते लिहिलेले असे. त्याने प्रत्यक्षात काय केले, ते कळण्यासाठी नमुना घ्यावा लागे. त्याची पद्धतही कायद्याने ठरवून दिली होती : अधिकाऱ्याने कारखान्यात जावे, मालकाला सूचना द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावेत, ते मोहोरबंद करून प्रयोगशाळेत पाठवावेत. न्यायालयात टिकेल असा पुरावा मिळवण्यासाठी ही पद्धत योग्य होती. पण वर्षाकाठी एखाद-दोन वेळा घेतलेल्या नमुन्यावरून कारखान्याचे वर्षभराचे वर्तन कळणे अशक्य होते. वर्षातील ८,७६० तासांपैकी एका तासाचा तो आकडा. बाकीचे तास कारखान्यालाच ठाऊक, आणि पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसत.

भोपाळ : अज्ञानाची किंमत

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळमधील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वातावरणात पसरले. साठवण-टाकीत पाणी शिरले, उष्णता वाढवणारी रासायनिक अभिक्रिया सुरू झाली, दाब वाढला आणि वायू सुटला. हजारो माणसे मरण पावली. लाखोंच्या वाट्याला आयुष्यभराची दुखणी आली.

या दुर्घटनेचे तांत्रिक कारण विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना साधारणपणे माहीत असते. तिची माहितीविषयक बाजू तेवढी चर्चिली जात नाही. मे १९८२ मध्ये कंपनीच्या अमेरिकेतील तज्ज्ञांनी या कारखान्याची सुरक्षा-तपासणी करून अनेक धोके नोंदवले होते. तो अहवाल कंपनीच्या अंतर्गत राहिला आणि भिंतीपलीकडच्या वस्तीपर्यंत पोहोचला नाही. त्याच वर्षी भोपाळमधील पत्रकार राजकुमार केसवानी यांनी आपल्या छोट्या साप्ताहिकातून या धोक्याविषयी लिहिले. परंतु अधिकृत माहितीचा आधार नसलेल्या इशाऱ्याला इशारा म्हणून कोणी घेतले नाही. त्या रात्री रुग्णालयात आलेल्या हजारो रुग्णांना कोणता वायू लागला आहे, त्यावर उपचार काय, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. ओले फडके तोंडावर धरावे, वाऱ्याच्या दिशेने धावू नये, एवढे जरी वस्तीला आधी सांगितले गेले असते, तरी काही जीव वाचू शकले असते. कारखान्यात काय साठवले आहे, हे गुपित राहिल्यामुळे काय होते, याचे हे उदाहरण जगाच्या डोळ्यांपुढे आले.

भोपाळनंतर बरोबर एका वर्षाने, ४ डिसेंबर १९८५ रोजी, दिल्लीतील श्रीराम उद्योगाच्या कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. ॲडव्होकेट एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सरन्यायाधीश पी. एन. भगवती यांच्या घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये निकाल दिला. धोकादायक उद्योग चालवणाऱ्यावर होणाऱ्या हानीची संपूर्ण जबाबदारी राहील, त्याला कोणताही अपवाद नाही, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. त्याच वर्षी पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आला. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांची माहिती कामगारांना, स्थानिक प्रशासनाला आणि परिसरातील जनतेला देणे सक्तीचे झाले. १९८९ च्या घातक रसायनांविषयीच्या नियमांनी सुरक्षा-अहवाल आणि आपत्कालीन योजना बंधनकारक केल्या.

कागदावर हे मोठे परिवर्तन होते. पण ही माहिती जिल्हाधिकारी कार्यालय, कारखाने निरीक्षक आणि मंडळ यांच्या वेगवेगळ्या कपाटांत जात असे. एका कारखान्याच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना करता येईल, असे तिचे स्वरूप नव्हते.

अमेरिकेतील यादी

भोपाळचा सर्वांत दूरगामी परिणाम माहितीच्या बाबतीत अमेरिकेत झाला. युनियन कार्बाइडचाच एक कारखाना वेस्ट व्हर्जिनियातील ‘इन्स्टिट्यूट’ नावाच्या गावी होता. ऑगस्ट १९८५ मध्ये तेथेही विषारी रसायनाची गळती झाली. मग १९८६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने आपत्कालीन नियोजन आणि लोकांचा माहितीचा हक्क यांविषयी कायदा केला. त्यातून ‘टॉक्सिक्स रिलीज इन्व्हेंटरी’ ही सूची निर्माण झाली. ठरावीक रसायने वापरणाऱ्या प्रत्येक कारखान्याने दरवर्षी कोणते रसायन किती प्रमाणात हवेत, पाण्यात व जमिनीत सोडले, ते एकाच नमुन्यात कळवायचे. शासनाने ते संगणकीय संग्रहात ठेवून सर्वांना खुले करायचे, असे कायद्यातच लिहिले होते. इंटरनेट घरोघरी पोहोचण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

या कायद्याने उत्सर्जनावर एकही नवी मर्यादा घातली नाही. तरीही परिणाम झाला. पहिले आकडे प्रसिद्ध होण्याच्या बेतात असतानाच, १९८८ मध्ये, मॉन्सॅन्टो कंपनीच्या प्रमुखांनी आपली विषारी वायूंची उत्सर्जने १९९२ अखेर ९० टक्क्यांनी घटवण्याची घोषणा केली. १९८९ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. अर्थशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी पुढे दाखवून दिले की यादीत असलेल्या, शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांचे बाजारमूल्य त्या एका दिवशी सरासरी ४१ लाख डॉलरनी घसरले.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी लागते. हे आकडे जनतेला नवे होते, आणि अनेक कंपन्यांच्या वरिष्ठ व्यवस्थापनालाही ते नवेच होते. प्रत्येक विभाग आपल्यापुरते पाहत असे, एकूण बेरीज कोणी केलेली नसे. विकत घेतलेले रसायन एवढ्या प्रमाणात हवेत उडून जाते, म्हणजे पैसाच उडून जातो, हे बेरीज मांडल्यावर दिसले. माहिती बाहेर द्यायची सक्ती झाली, म्हणून ती आधी आत गोळा करावी लागली. व्यवसायाच्या पर्यावरण-व्यवस्थापनात सामायिक माहितीचा पहिला उपयोग हाच आहे.

फॉर्म पाच आणि पानांची प्रतवारी

भारतानेही या दिशेने पाऊल टाकले होते. १९९२ च्या अधिसूचनेने संमतीपत्रधारक उद्योगांना दरवर्षी पर्यावरणीय अहवाल देणे सक्तीचे केले. पुढच्या वर्षी त्याचे नाव ‘पर्यावरण विवरणपत्र’ असे झाले. ‘फॉर्म पाच’ या नमुन्यात पाण्याचा आणि कच्च्या मालाचा वापर, उत्पादनाच्या दर एककामागे होणारे प्रदूषण, घातक कचरा, हे सारे भरून ३१ मार्चला संपणाऱ्या वर्षाचे विवरण ३० सप्टेंबरपर्यंत मंडळाकडे द्यायचे असते. कल्पना उत्तम होती. दर टन उत्पादनामागे किती पाणी लागते, हे समजले की दोन साखर कारखान्यांची वा दोन कागद गिरण्यांची तुलना करता येते. पण ही विवरणपत्रे बहुतांशी फायलींत जमा होत राहिली. त्यांची एकत्र सूची प्रसिद्ध झाली नाही, त्यामुळे कोणत्याही कारखान्याला शेजाऱ्याच्या तुलनेत आपले स्थान कळले नाही.

जून १९९५ मध्ये इंडोनेशियाने ‘प्रॉपर’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात कारखान्यांना सोनेरी, हिरवा, निळा, लाल आणि काळा अशा पाच रंगांत विभागले जाई. पहिल्या फेरीत १८७ कारखाने होते. आरंभी फक्त चांगल्या पाच कारखान्यांची नावे जाहीर झाली. बाकीच्यांना त्यांचा रंग खासगीत कळवून सुधारण्यासाठी डिसेंबरपर्यंत मुदत देण्यात आली. नाव जाहीर होण्याआधीच अनेकांनी सुधारणा केली. न्यायालय, दंड, खटला यांपैकी काहीही न वापरता.

भारतात हे काम एका स्वयंसेवी संस्थेने हाती घेतले. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ने १९९७ मध्ये हरित प्रतवारी प्रकल्प सुरू केला आणि १९९९ मध्ये कागद उद्योगाची पहिली प्रतवारी जाहीर केली. येथे रंगांऐवजी पाने होती : पाच पाने म्हणजे सर्वोत्तम. पहिल्या फेरीत पाच पाने कोणालाच मिळाली नाहीत. पुढे संशोधकांनी या प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास केला. सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या गिरण्यांनी आपले प्रदूषण लक्षणीय घटवले, तर आधीच बऱ्या असलेल्यांवर फारसा परिणाम झाला नाही, असे त्यांना आढळले. प्रतवारीची लाज शेवटच्या बाकावर बसलेल्याला अधिक टोचते.

खोट्या आकड्यांची दाटी

आतापर्यंतच्या सर्व प्रयत्नांत एक गृहीतक होते : जो आकडा दिला जातो, तो खरा असतो. या गृहीतकाची कसोटी गुजरातमध्ये लागली.

गुजरात उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १९९६ पासून त्या राज्यात अधिक प्रदूषणक्षम उद्योगांना स्वतंत्र लेखापरीक्षकाकडून वार्षिक पर्यावरणीय लेखापरीक्षण करून घ्यावे लागे. लेखापरीक्षकाची निवड कारखाना करी आणि त्याचे शुल्कही कारखानाच देई. २००९ ते २०११ या काळात एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने या पद्धतीची परीक्षा घेतली. अहमदाबाद आणि सुरत परिसरातील ४७३ कारखाने त्यांनी घेतले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटात जुनी रीत चालू राहिली. दुसऱ्या गटात लेखापरीक्षक मंडळाकडून यदृच्छेने नेमला गेला, त्याचे शुल्क एका मध्यवर्ती निधीतून ठरावीक दराने दिले गेले आणि त्याने घेतलेल्या मोजमापांपैकी काहींची फेरतपासणी झाली.

धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या धूलिकणांची मर्यादा दर घनमीटरला १५० मिलिग्रॅम होती. जुन्या रीतीच्या अहवालांचा आलेख काढला, तेव्हा १५० च्या किंचित खाली आकड्यांची प्रचंड दाटी दिसली आणि १५० ओलांडताच जवळजवळ ओसाडी. निसर्गातील कोणतीही राशी अशी वागत नाही. भौतिकशास्त्रात एखाद्या मोजमापाचा आलेख असा कड्यासारखा तुटला, तर उपकरणाची किंवा उपकरण धरणाऱ्याची चौकशी केली जाते. संशोधकांनी त्याच धुराड्यांची स्वतंत्र मोजणी केली. लेखापरीक्षकांच्या मते केवळ ७ टक्के कारखाने मर्यादा ओलांडत होते. प्रत्यक्षात तो आकडा ५९ टक्के होता.

दुसऱ्या गटात चित्र पालटले. नियम पाळला जात असल्याचा खोटा शेरा देण्याचे प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. आणि खरा आकडा मंडळापर्यंत पोहोचतो आहे, हे कळल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. माणसे तीच होती, उपकरणेही तीच होती. बदलला तो फक्त मोजणाऱ्याला पैसे देणारा हात. २०१५ मध्ये गुजरात मंडळाने आपल्या लेखापरीक्षण योजनेत या धर्तीवर सुधारणा केली.

याच संशोधकांचा आणखी एक प्रयोग विचार करायला लावणारा आहे. गुजरातमधील ९६० कारखान्यांपैकी निम्म्यांच्या तपासण्या दुपटीने वाढवल्या गेल्या. तरीही सरासरी प्रदूषण जवळजवळ तेवढेच राहिले. वाढीव तपासण्या यदृच्छेने वाटल्या गेल्या होत्या, तर मंडळाचे अनुभवी अधिकारी आपल्या अंदाजाने घोर प्रदूषण करणाऱ्यांकडेच आधी जात असत. उपलब्ध शिक्षाही ठोकळेबाज होत्या : वीज तोडणे, कारखाना बंद करणे, खटला भरणे. मर्यादेपेक्षा थोडे अधिक प्रदूषण करणाऱ्यावर एवढा जड हातोडा उगारायला अधिकारी साहजिकच कचरत. माहिती वाढली, पण तिच्याशी जोडलेली प्रमाणशीर कृती नव्हती.

धुराड्यात बसलेले यंत्र

५ फेब्रुवारी २०१४ रोजी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अत्यंत प्रदूषणक्षम अशा १७ प्रकारच्या उद्योगांना, तसेच सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रांना, सतत मोजमाप करणारी ऑनलाइन यंत्रणा बसवण्याचे निर्देश राज्य मंडळांना दिले. सिमेंट, औष्णिक वीज, साखर, मद्यार्क, कागद, रंग, औषधनिर्मिती इत्यादी उद्योगांच्या धुराड्यांत आणि सांडपाण्याच्या वाटांवर संवेदक बसले. ते आकडे मंडळाच्या संगणकावर थेट जाऊ लागले.

ही यंत्रे काय मोजतात, हे समजून घेणे आवश्यक आहे. धूलिकणांचे वस्तुमान ती सहसा थेट मोजत नाहीत. एका प्रकारात धुराड्यातून प्रकाशकिरण आरपार सोडतात आणि तो किती क्षीण झाला ते पाहतात. दुसऱ्या प्रकारात कणांवरून विखुरलेला प्रकाश टिपतात. तिसऱ्या प्रकारात धातूच्या दांडीला कण घासून गेल्याने निर्माण होणारा सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजतात. या तिन्ही खुणा कणांचा आकार, रंग, आर्द्रता यांवर अवलंबून असतात. त्यामुळे प्रत्येक धुराड्यासाठी यंत्राचे अंशांकन वेगळे करावे लागते. धुराड्यातील वायू ज्या वेगाने वाहतो, नेमक्या त्याच वेगाने नळीत ओढून घ्यायचा, त्यातील धूळ गाळणकागदावर धरायची, ती तराजूवर तोलायची आणि त्या वजनाशी यंत्राच्या संकेताची सांगड घालायची. हे काम नीट झाले नाही, तर पडद्यावर दर मिनिटाला उमटणारा आकडा केवळ शोभेचा ठरतो.

अंशांकनाचा गुणक चुकीचा भरला तर प्रदूषण कागदावर निम्मे करता येते. म्हणून यंत्र कोणी प्रमाणित केले, हा प्रश्न लेखापरीक्षकाला पैसे कोण देतो या प्रश्नाचेच नवे रूप आहे. २०१९ मध्ये पर्यावरण मंत्रालयाने दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेकडे अशा उपकरणांच्या प्रमाणीकरणाची राष्ट्रीय जबाबदारी सोपवली. किलोग्रॅम आणि सेकंद यांची देशातील प्रमाणे जपणारी संस्था आता धुराड्यातील धुळीच्या मोजमापाशीही जोडली गेली.

५ जून २०१७ रोजी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तारांकित प्रतवारी सुरू केली. धुराड्यांच्या नमुन्यांतील धूलिकणांच्या प्रमाणावरून कारखान्यांना एक ते पाच तारे देऊन ते संकेतस्थळावर सर्वांना खुले करण्यात आले. मंडळाच्या कपाटातील आकडे साध्या खुणेच्या रूपात नागरिकापुढे ठेवण्याचा देशातील शासकीय पातळीवरचा हा महत्त्वाचा प्रयत्न. त्यानंतर ओडिशानेही ही वाट धरली.

सुरतचा सामायिक हिशेब

उत्सर्जन-बाजाराचा प्रस्ताव २०११ मध्येच मांडला गेला होता. गुजरात, महाराष्ट्र आणि तामिळनाडू ही तीन राज्ये त्यासाठी ठरली होती. प्रत्यक्ष सुरुवात झाली ती एका राज्यात, २०१९ मध्ये. मधल्या आठ वर्षांचा मोठा भाग यंत्रे बसवणे, त्यांचे अंशांकन करणे आणि आकडे विश्वासार्ह करणे यांत गेला. प्रयोगातील दोन्ही गटांत यंत्रे होती, हे विशेष. म्हणून पुढे दिसलेला फरक केवळ यंत्रांमुळे पडला असे म्हणता येत नाही.

सुरतमध्ये मोजमापाचे एकक बदलले. जुना नियम तीव्रतेचा होता : दर घनमीटरला इतके मिलिग्रॅम. तीव्रता हवा मिसळूनही घटवता येते, पण धुळीचे एकूण वस्तुमान त्याने तसूभरही कमी होत नाही. नव्या योजनेत तीव्रता, वायूचा प्रवाह आणि काळ यांचा गुणाकार करून किलोग्रॅममध्ये हिशेब ठेवला गेला. सर्व सहभागी कारखान्यांच्या उत्सर्जनाला मिळून एक छत ठरवले गेले आणि तेवढ्याच परवान्यांचे वाटप झाले. बहुतेक परवाने मोफत वाटले, काही लिलावाने विकले. ज्याला धूळ रोखणे स्वस्त पडते, त्याने अधिक रोखावी आणि उरलेले परवाने विकावेत. ज्याला महाग पडते, त्याने ते विकत घ्यावेत. परवान्यांपेक्षा अधिक उत्सर्जन केल्यास आधीच भरलेल्या अनामत रकमेतून पर्यावरण-हानीची भरपाई कापली जाई. जेवढा अतिरेक, तेवढाच दंड. खटला नाही, टाळे नाही.

माहितीच्या बाजूनेही एक युक्ती होती. यंत्र बंद पडले किंवा बंद ठेवले, तर त्या काळासाठी कारखान्याच्या नावे उत्सर्जनाचा चढा अंदाज धरला जाई. म्हणजे आकडा लपवण्यात तोटा आणि दाखवण्यात फायदा. यंत्र चालू ठेवण्यासाठी अधिकाऱ्याने हेलपाटे घालण्याची गरज उरली नाही, ती काळजी कारखानदारच घेऊ लागला. परवाने पुरेसे बाळगण्याच्या अटीचे पालन ९९ टक्के प्रसंगी झाले. ज्या राज्यात दहा वर्षांपूर्वी मर्यादा ओलांडणाऱ्यांचे खरे प्रमाण ५९ टक्के निघाले होते, त्याच राज्यात हे घडले.

पुढचा हिशेब

सामायिक माहितीचे जाळे आता अनेक दिशांनी पसरते आहे. भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळाने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना ऊर्जा, पाणी, उत्सर्जने आणि कचरा यांचा अहवाल एकाच नमुन्यात देणे सक्तीचे केले आहे. औष्णिक वीजकेंद्रांतील राख सिमेंट आणि विटांच्या उद्योगांपर्यंत पोहोचावी, यासाठी २०१८ मध्ये ‘ॲश ट्रॅक’ हे ॲप आले. एकाचा कचरा हा दुसऱ्याचा कच्चा माल असतो, पण तो कोठे आणि किती आहे हे कळल्याशिवाय व्यवहार होत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने पर्यावरण लेखापरीक्षण नियम अधिसूचित केले. त्यांत नोंदणीकृत लेखापरीक्षकांची नेमणूक यदृच्छेने करण्याची तरतूद आहे. गुजरातमधील ४७३ कारखान्यांच्या प्रयोगाचा धागा येथे देशपातळीवर येऊन पोहोचतो.

तरीही काही प्रश्न शिल्लक आहेत. मोठ्या कंपन्यांचे अहवाल संपूर्ण कंपनीचे असतात. विशिष्ट कारखान्याच्या शेजारी राहणाऱ्याला आपल्या नाल्यात काय येते, ते त्यातून समजत नाही. ऑनलाइन यंत्रे मोठ्या उद्योगांत आहेत, तर लहान कारखान्यांची मोठी संख्या अजून त्या जाळ्याबाहेर आहे. अमेरिकेतील सूचीप्रमाणे रसायननिहाय आणि कारखानानिहाय वार्षिक उत्सर्जनाची एकत्र, शोधता येण्याजोगी राष्ट्रीय सूची भारतात अद्याप नाही. ज्या देशातील दुर्घटनेमुळे ती सूची जन्मली, त्या देशात ती नसावी, हे खटकते.

या चार दशकांचा आढावा घेतला, तर तीन अटी पुन्हा पुन्हा समोर येतात. आकडा खरा असला पाहिजे, आणि त्यासाठी मोजणारा हा मोजल्या जाणाऱ्याच्या उपकारात असता कामा नये. आकडा सामायिक असला पाहिजे, म्हणजे कारखाना, शासन आणि नागरिक यांच्यापुढे तो एकाच रूपात असावा. आणि आकड्याला परिणाम असला पाहिजे, मग तो लाजेचा असो, पैशाचा असो वा कायद्याचा. १९७४ च्या नोंदवहीत पहिली आणि तिसरी अट अपुरी होती. फॉर्म पाचमध्ये दुसरी नव्हती. भोपाळमध्ये तिन्ही नव्हत्या. सुरतमध्ये पहिली आणि तिसरी जुळून आल्या, आणि कारखाना व शासन यांच्यापुरती दुसरीही. तेथील धुराड्याशेजारी राहणाऱ्या माणसाला तो आकडा आपल्या हातातल्या फोनवर रोज, त्याच्या भाषेत वाचता येणे, ही दुसऱ्या अटीची उरलेली अर्धी बाजू आहे. संवेदक आणि संगणक त्यासाठी पुरेसे तयार आहेत. ते पाऊल टाकायचे की नाही, हा निर्णय आता मंडळांनी आणि शासनाने घ्यायचा आहे, आणि तो मागण्याचा हक्क १९७४ च्या त्या पंचविसाव्या कलमापासून नागरिकांकडे आहे.